लाल रेषेच्या आतली शेतं

कार्तिक लागला की आमच्या डोंबिवलीच्या बाल्कनीत पहाटे एक वास यायचा. एरवी आमच्याकडचा वारा कारखान्यांवरून येतो, त्याबद्दल काही न बोललेलंच बरं. पण दिवाळी आटोपली की पाच-सहा पहाटा अशा यायच्या, की दार उघडल्याबरोबर कापलेल्या भाताचा, ओल्या पेंढ्याचा, किंचित आंबूस, किंचित गोड वास घरात शिरायचा. यंदा दिवाळी होऊन गेली, पहाटे पांघरूण ओढून घ्यावंसं वाटू लागलं, तरी वास आला नाही. सुधीर, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "तुझं नाक चोंदलंय." मला ते पटलं नाही. माझ्या नाकावर माझा पूर्ण विश्वास आहे.

माणसांवर तेवढा नाही. त्यात माझा दोष नाही, नोकरीचा आहे. सगळं आयुष्य मी विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासले. गाडी झाडावर आदळली म्हणता, मग झाडाची साल शाबूत कशी? दुकान जळालं म्हणता, मग आदल्याच आठवड्यात देव्हारा घरी का नेलात? असे प्रश्न विचारून विचारून माझ्या मनातली पाल कायमची चुकचुकती झाली. सुधीर म्हणतो, हिचा विश्वास पानिपतात गेला. तो स्वतः मात्र भाजीवाल्याने "आजचीच आहे" म्हटलं की कालची मेथी घेऊन येतो आणि वर त्याच्या मुलांची चौकशीही करून येतो.

काही वर्षांपूर्वी त्याची साखर वाढली आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. उद्यानातल्या फेऱ्या त्याला आवडेनात, तीच झाडं आणि तीच माणसं, म्हणे. मग त्यानेच ही वाट शोधून काढली. कल्याण-शीळ रस्ता जीव मुठीत धरून ओलांडायचा, पाण्याच्या मोठ्या पाइपलाइनच्या कडेने जायचं, की एका टॉवरच्या पाठीमागे अचानक तळं लागतं. तळ्याकाठी दगडी शिवमंदिर, एवढं जुनं की त्याचा कळस कधीचा पडला हे गावातही कुणाला ठाऊक नाही. तिथून बांधाबांधाने दुसऱ्या गावाच्या शिवेवर, मग ओढ्याच्या काठाने तिसऱ्या वाडीत, आणि तिथून वळसा घेत पुन्हा त्याच पाइपलाइनशी. गोल फेरी. आलो त्या वाटेने परत फिरायचं नाही, ही तिची गंमत. गावांची नावं मी लिहिणार नाही. नावं लिहिली की पुढच्या रविवारी तिथे प्लॉट बघायला गाड्या येतात.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा भात पोटरीत होतं, कणसं अजून पानांच्या पोटात, आणि दसऱ्यापर्यंत ते पिवळं पडून वाकलं. बांधावर कुर्डूची गुलाबी-पांढरी टोकं उभी होती. पायाखालची माती वरून कोरडी आणि आत ओली, बुटाला चिकटणारी. बांधाच्या भोकातून चिंबोरी, म्हणजे खेकडी, डोकावायची आणि आमची चाहूल लागली की आत जायची. तिचा स्वभाव मला आवडला. समोर उंच इमारती, त्यांच्या गच्च्यांवर क्रेन, आणि खाली हे पिवळं पाणीदार शांत पसरलेलं. पहिल्याच दिवशी माझ्या मनात आलं, की हे अजून इथे कसं? कुणीतरी कशाची तरी वाट बघतंय.

दुसऱ्या गावाच्या शिवेवर पिंपळाखाली एक वीरगळ आहे. पुरुषभर उंचीचा दगड, त्यावर खालच्या पट्टीत लढाई, मधे अप्सरा कुणाला तरी उचलून नेताहेत, वर पिंडीपुढे हात जोडलेला माणूस. गुरं पळवायला आलेल्यांशी लढून मेलेल्यांचे असे दगड ठाणे जिल्ह्यात गावोगाव आहेत. गावकरी त्याला शेंदूर लावतात आणि शिवेचा राखणदार म्हणतात. त्या दगडापुढे उभं राहून मी बघत राहायचे. शेकडो वर्षांपूर्वी एक माणूस इथे उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला विचारत असणार, कोण तू, कुठला, कशाला आलास? एके दिवशी उत्तर त्याला पटलं नाही आणि त्याचा दगड झाला. सुधीर म्हणाला, "तुझ्याच खात्यातला दिसतोय."

त्या दगडाच्या पलीकडचं शेत बाळारामदादांचं. सत्तरीचा माणूस, काटक, कमरेला पंचा आणि अंगात मुलाने टाकलेला कुठल्या तरी क्रिकेट संघाचा निळा टी-शर्ट. आजूबाजूच्या बहुतेकांनी जमिनी दिल्या होत्या, बंगले बांधले होते, अंगणात मोठ्या गाड्या उभ्या होत्या. दादांचंही घर पक्कं होतं आणि मुलगा नितेश टेम्पो चालवायचा. भाताचं उत्पन्न म्हणाल तर वर्षाच्या तांदळापुरतं. तरी दादा आणि त्यांची बायको हिराबाई दर पावसाळ्यात लावणी करायची आणि दर कार्तिकात कापणी. दादांना एकच भीती होती, की आपल्या डोळ्यांदेखत हे शेत जाईल. ती त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितली असं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी फक्त चौकशी केली.

"कुठं चाललाव?"

"फिरायला," सुधीर म्हणाला.

"फिरून कुठं?"

"परत घरी. डोंबिवलीला."

दादांनी विळा खांद्यावर टेकवला. "घराशीच जायाचं, तं घरानच बसाचं ना मंग."

सुधीर खो खो हसला. दादा हसले नाहीत. हिराबाई पलीकडे वाकून गवत काढत होत्या, त्या न वळताच म्हणाल्या, "चालाला कोन येतं एवऱ्या लांब?" आम्ही पुढे गेलो तरी त्या दोघांची नजर माझ्या पाठीवर होती, हे मला न बघता कळत होतं. दुसऱ्याच्या पाठीवर तशी नजर ठेवण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं होतं.

तरी हळूहळू जमत गेलं. सुधीरचं कुणाशीही जमतं. तो तंबाखू न खाता तंबाखूच्या गप्पा मारू शकतो. कापणी सुरू झाली तेव्हा आम्ही बांधावर बसून चहा पिऊ लागलो होतो. सकाळचं दव सुकलं की कापायला सुरुवात व्हायची. विळ्याचा कर्र कर्र आवाज एका लयीत पुढे सरकायचा, मागे कापलेल्या मुठी आडव्या पडत जायच्या, आणि त्यांच्या मागे बगळे, भाडं वसूल करायला आल्याच्या थाटात. थंडीबरोबर धोबी पक्षीही आलेले असायचे, शेपट्या हलवत. भारे खळ्यावर नेऊन फळीवर झोडले की साळीचा पाऊस पडायचा आणि हिराबाई सुपाने वारा बघत उभ्या राहायच्या. तो वास अंगाला, केसांना, सुधीरच्या टोपीला लागून घरी यायचा. मी त्या दिवसांत टोपी धूत नसे. हे सुधीरला अजूनही माहीत नाही.

मग एका सकाळी सगळं बदललं. पहिल्या गावातलं पिवळं कुत्रं आधीपासून आमच्या अंगावर यायचं, म्हणून आम्ही त्या घराला लांबून वळसा घालायचो. पण घरची बाई निदान "हाड" म्हणायची. त्या दिवशी ती ओट्यावर उभी राहून नुसती बघत राहिली. पुढे तळ्याकाठी चार माणसं बसली होती, ती आम्ही दिसताच बोलायची थांबली. बांधावर, जिथून आम्ही रोज जायचो तिथे, बाभळीच्या फांद्या टाकलेल्या. आणि दादांच्या शेताशी पोचलो तर हिराबाईंनी चुलीवरचं पातेलं आमच्यासमोर उतरवून झाकून ठेवलं. त्यात चहा होता, वास आला ना.

"काहीतरी आहे," मी म्हणाले.

"कापणीची गडबड असेल," सुधीर म्हणाला.

"गडबडीत माणसं गप्प बसत नाहीत."

नितेशने ते कोडं सोडवलं. त्याची बाईक पाइपलाइनपाशी आमच्या पुढ्यात येऊन थांबली. पोरगा तसा मऊ, पण त्या दिवशी चेहरा आवळलेला. त्याने फोन सुधीरच्या नाकासमोर धरला. "काका, एक सांगा खरं खरं. हे तुमचं काम आहे का?"

फोनवर नकाशा होता. नकाशावर आमची तीन गावं, तळं, ओढा, आणि त्यांच्याभोवती जाड लाल रेषा, सुरू होऊन स्वतःलाच येऊन मिळालेली. खाली कुणीतरी लिहिलं होतं, की प्रकल्पाची हद्द ठरली, लाल रेषेच्या आतल्या सगळ्या जमिनी जाणार, जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा. ते गावागावांत फिरलं होतं. आणि गावाने दोनात दोन मिळवले होते: टोपी घातलेला एक साहेब, सोबत चष्मा लावून सगळीकडे टक लावून बघणारी बाई, रोज हद्दीहद्दीने चालतात, मधेच थांबतात, फोनमध्ये काहीतरी बघतात आणि विचारलं तर म्हणतात फिरतोय.

"बाबा शनिवारी एजंटला शब्द देतायत," नितेश म्हणाला. "सरकारात जायच्या आधी दिलेली बरी, म्हणे. आई दोन दिवस जेवली नाय."

मी त्याच्या हातून फोन घेतला. दाव्यांच्या कामात मी एक शिकले होते, खोटं नेहमी नीटनेटकं असतं, खऱ्याला पोट सुटलेलं असतं. ह्या रेषेला पोट होतं. पहिल्या गावात सरळ जायची सोडून ती एका घराला लांबून वळसा घालून गेली होती. कुठला इंजिनिअर कुत्र्याला घाबरून प्रकल्पाची हद्द वळवेल? देवळापाशी रेषेची गुठळी झाली होती, जिथे सुधीर बूट काढून, फोन खिशात ठेवून गाभाऱ्यात जाऊन येतो. आणि दादांच्या बांधावर एक गाठ, चहाची. मी सुधीरकडे बघितलं. त्याने जीभ चावली.

सुधीरच्या फोनमध्ये चालण्याचं अ‍ॅप होतं. रोजच्या फेरीची रेषा ते नकाशावर काढायचं आणि हा माणूस ती रोज "सुप्रभात" म्हणून आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा. तिथून ती कुणी कुठे पाठवली, सुप्रभात कधी गळून पडलं आणि प्रकल्प कधी चिकटला, ते देव जाणे. नितेशला आम्ही सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "काका, मला पटतंय. बाबांना कोण पटवणार?"

दादांना पटलं नाही. का पटावं? बाहेरून गोड बोलत आलेल्यांनी ह्या भागात काय काय नेलं, ते त्यांनी बघितलं होतं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकतो, त्याला हसू नये. मला तर त्यांच्या जागी मीच उभी दिसत होते. समोर दावेदार, त्याची गोष्ट ऐकायला सोपी, जवळजवळ हास्यास्पद, आणि पुरावा म्हणून त्याचाच फोन. मी असते तर हा दावा फेटाळला असता. हिराबाईंनी तर तोंडावरच सांगितलं, "मना नाय पटत."

शेवटी सुधीरच म्हणाला, "दादा, तुम्ही चला. फोन तुमच्या हातात घ्या. रेघ निघते का बघा."

बाळारामदादांनी तिन्ही गावांत जन्म काढला होता, पण गोल फेरी त्यांनी कधी घातली नव्हती. शेतकरी शेताकडे जातो आणि शेताकडून येतो, वळसा घालत नाही. फोन त्यांनी तळहातावर धरला, भरलेली वाटी धरावी तसा, आणि निघाले. चार पावलं टाकून बघायचे, लाल टोक पुढे सरकलेलं. थांबायचे, टोकही थांबलेलं. पिवळ्या कुत्र्याच्या घराशी आम्ही वळसा घालू लागलो तर ते म्हणाले, "त्याला कशाला भिताव?" आणि सरळ गेले. कुत्र्याने शेपूट हलवली, आणि त्या दिवशीची रेषा तिथे सरळ निघाली. ते बघून ते पहिल्यांदा हसले. देवळात गेले आणि मुद्दाम नंदीभोवती दोन चकरा मारून आले. "आयली, आयली गुठली!" नातवंडाचा पहिला दात दिसावा असा आनंद त्या आवाजात होता.

ओढ्याच्या काठाने चालताना मात्र ते थबकले. तिथून त्यांचं शेत उलट्या बाजूने दिसतं. अर्धं कापलेलं, अर्धं उभं, मधे हिराबाईंची हिरवी साडी. "हिकरून कदी बघितलाच नव्हता," ते म्हणाले. बराच वेळ बघत उभे राहिले. नकाशावर त्या जागी अजून एक गाठ पडली असणार.

शनिवारी त्यांनी एजंटला शब्द दिला नाही. फांद्या उचलल्या गेल्या, चहा सुरू झाला. कापणी संपल्यावर त्याच ओलीवर वाल पेरला आणि थंडीत वालाच्या फुलांचा वास आला. नव्या तांदळाची एक पिशवी दादांनी स्वतः आमच्या घरी आणून दिली. लिफ्टमध्ये चढताना पिशवी पोटाशी धरून उभे होते. सोसायटीत सगळे सुधीरच्या भोळेपणाचं कौतुक करत होते, की बघा, मनात काही नसलं की जग जिंकता येतं. मीही त्या दिवसांत थोडी बदलले. भाजीवाल्याची मेथी पूर्वीसारखी उलटीपालटी करून बघेनाशी झाले. संशयाने काय मिळतं शेवटी, असं मी कुणाला तरी म्हणालेसुद्धा. हिराबाईंना मात्र आमची खात्री कधीच पटली नाही असं मला वाटतं. त्या चहा द्यायच्या आणि द्यायच्या वेळी माझ्याकडे बघायच्या.

पुढच्या वर्षी सुधीरचा गुडघा गेला. ऑपरेशन, मग काठी, मग उद्यानातल्या फेऱ्या. गावांकडची फेरी सुटली ती सुटलीच. दादांचा कधीतरी फोन यायचा, "पीक बरा हाय." कार्तिकातला वास मात्र येत राहिला, आणि तो येतो तोवर तिकडे सगळं ठीक आहे, असं मी धरून चालले. ज्या बाईने आयुष्यभर कागद बघितल्याशिवाय सही केली नाही, तिने वाऱ्यावर विश्वास ठेवला.

यंदा वास आला नाही म्हणून मी एकटी गेले. तळं होतं, मंदिर होतं, वीरगळालाही ताजा शेंदूर होता. त्याच्या पलीकडे दादांच्या शेतात भात नव्हतं. गवत होतं, छातीएवढं, आणि त्यातून ओळीने सिमेंटचे खुंट वर आलेले, डोक्याला लाल रंग लावलेले. खुंटांची रांग शेताच्या बरोबर मधून जात होती. पलीकडच्या गावाच्या हद्दीपाशी ती बाजूला वळली होती. तिथे मोजणीवाल्यांना लोकांनी शिवेवरच अडवलं, कोण तुम्ही, कुणाच्या हुकमाने आलात विचारलं, गावभर हरकती घेतल्या, हे मला नंतर कळलं. म्हणून होऊ घातलेला नवा रस्ता तिथून सरकला. तिकडचं भात कापणीला आलं होतं.

दादा घरी ओट्यावर बसले होते. निळा टी-शर्ट तोच, आता विटका. मला बघून त्यांना खरंच आनंद झाला, त्यांनी आत हाक मारून चहा ठेवायला सांगितला. मी विचारलं, हे कसं झालं?

"पावसाच्या आधी आयलेली पोरा," ते म्हणाले. "टोप्या घातलेली, तुमच्या साहेबांवानी. हातान फोन, एक तिपाई. बांधावर बसवली, चा पाजला. ती बोलली, काका, हद्द कुठपर्यंत? मी बोललो, चला, दावतो. सगला फिरवला त्यांना, चारी बाजू. वढ्याकरून कसा दिसतं ते पन दावला."

हिराबाई कप घेऊन बाहेर आल्या. त्यांनी माझ्यापुढे कप ठेवला आणि उंबऱ्यावर बसल्या. मला राग आला. दादांचा नाही, त्या पोरांचाही नाही, ती त्यांचं काम करत होती. कुणाचा ते मला सांगता येईना. माझ्या तोंडून तोच प्रश्न गेला, जो मी नोकरीत हजार माणसांना विचारला असेल.

"दादा, तुम्ही विचारलं नाहीत? कोण, कुठले, कशाला आलात?"

दादांनी पंचाने तोंड पुसलं.

"पयलं विचारायचो. येल त्याला विचारायचो. मंग तुमच्यावर शक घेतला, न् तुमी निघालाव साधी मानसा. लय लाज वाटली मना, ताई. तवापासून कोनाला काय विचारला नाय."